रिकाम्या पाटाचा धवला

रोडपालीच्या शांतीबायला दोन गोष्टींचा गर्व होता. एक तिचा गळा आणि दुसरा तिचा शब्द. गळा असा, की गव्हाणपासून तळोज्यापर्यंत आगऱ्यांच्या कुठल्याही गावात लग्न ठरलं की पहिलं बोलावणं तिला यायचं. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी आला तर आला, न आला तर कुणाचं अडत नाही. पण धवलारीण उभी राहून धवला म्हणत नाही, तोवर हळद अंगाला लागत नाही आणि नवरी मांडवातून हलत नाही. देवाला बोलावण्यापासून पोरीला सासरी धाडण्यापर्यंत सगळं त्या गाण्यांतून होतं. हे कुठं लिहिलेलं नाही. शांतीबायला सासूनं दिलं, सासूला तिच्या सासूनं.

आणि शब्दाचं म्हणाल, तर धवल्याचे दोन नियम ती डोळ्यांत तेल घालून पाळायची. मांडवाशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही, आणि एका जोडप्याला तो एकदाच म्हणायचा. झालेलं लग्न पुन्हा लावायचं नाही.

या दुसऱ्या नियमापायी तिनं कमळाकरशी वैर घेतलं होतं. कमळाकर तिचा चुलत दीर. गावात मान होता, दारात जीप होती. त्याच्या पोरीनं मुंबईत हापिसातल्या पोराशी कोर्टात सही करून लग्न उरकलं, आणि मग भावकीत तोंड दाखवायला बापानं मांडव घातला. शांतीबायला हे कळलं ते ऐन हळदीला. ती गाता गाता थांबली, पदर खोचला आणि भर मांडवात म्हणाली, "झालेला लगीन मी लावत नाय. जेवायला थांबतंय." आणि खरोखर जेवूनच गेली. वाटीभर मटण मागूनही घेतलं. नवरी आत हुंदके देत होती ते तिला ऐकू येत होतं, पण नियम म्हणजे नियम. कमळाकरनं शेवटी बँडवाल्यांवर भागवलं. तेव्हापासून तो तिला वयनी म्हणून हाक मारायचा, पण नजर देत नसे.

शांतीबायची धाकटी रमा. बाप मिठागरावर मीठ ओढायचा, तो गेला तेव्हा ही पाळण्यात होती. पनवेलच्या शाळेत शिकली, हुशार निघाली. अकरावीला मास्तरांनी सांगितलं, मराठी सोड आणि फ्रेंच घे, मार्क जास्त पडतात. आईची भाषा सोडली की मार्क वाढतात ही कसली शाळा, असं शांतीबायनं तोंडावर विचारलं होतं. पण पोरगी ओट्यावर बसून नाकात सर्दी साठल्यासारखं काहीतरी मोठ्यानं वाचायला लागली, की हीच शेजारणींना बोटाच्या खुणेनं गप्प करायची. बी.ए. झाली तीही फ्रेंच घेऊनच. मग एक दिवस ती सांगत आली की फ्रान्समधल्या नांत गावच्या विद्यापीठानं बोलावलंय, दोन वर्षं, शिष्यवृत्तीवर. तिथली भाषा आणि तिथली संस्कृती शिकायची.

थोरला गुरुदत्त नको म्हणाला. सुनेनं भांडी जरा जोरात घासली. कमळाकर तर मुद्दाम घरी आला. पोरगी हातची जाईल, असं तो नम्रपणे म्हणाला, आणि तो नम्रपणाच शांतीबायला झोंबला. ओट्यावर भावकीतली चार माणसं बसलेली असताना तिनं त्याला ऐकवलं, "तुजी निस्ती मुंबईला गेली न् गेली हातची. माजी परत येईल. माज्या मांडवात बसेल आनि तिचा लगीन मी गाईन. आईक, कमळाकर, हा माजा शब्द हाय."

कमळाकर चहा अर्धा ठेवून गेला.

जायच्या आधी रमा टेपरेकॉर्डर घेऊन आईपुढं बसली. दादूसनं, म्हणजे थोरल्या गुरुदत्तनं, तो पनवेलला नियाजच्या दुकानातून आणला होता, नियाजचे भाऊ आखातातून आणायचे तसला. रमा म्हणाली, तिथं प्रत्येकाला आपल्या घरचं काहीतरी वर्गात सांगावं लागतं, मला धवला दे. शांतीबायनं सरळ नकार दिला. वर्गाला काय हळद लावायची आहे का, असंही विचारलं. मग पोरीनं आईच्या नेमक्या दुखऱ्या जागी हात ठेवला. वयनी, तुझी सून, तर धवला शिकत नाही, तिला व्हिडिओ शूटिंगवाले आवडतात, मग तुझ्यामागं कोण? मी ऐकून ऐकून शिकीन. परत येईन तेव्हा तुझ्या शेजारी उभी राहीन.

शांतीबायनं एक दिवस तिला ताटकळत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण सारवून घेतलं.

धवला रिकाम्यात म्हणता येत नाही, म्हणून तिनं काय केलं, तर मांडव उभा केला. चार बांबू आणि वर आंब्याचा डहाळा. उंबराची फांदी आणली, दिवा लावला, सुपात तांदूळ घेतले. दोन पाट मांडले. एका पाटावर रमाला बसवलं, कारण नवरीशिवाय कुणाचं नाव घेणार? दुसऱ्या पाटावर नारळ ठेवला. झील धरायला, म्हणजे मागून ओळ उचलायला, तिची नेहमीची सोबतीण चांगुणा आली. तिनं विचारलं, नवऱ्याचं नाव काय घालायचं. रमा हसली आणि म्हणाली, नुसतं नवरदेव म्हण, आय.

मग शांतीबायनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा धवला गायला. देव बोलावले, घाणा भरला, हळद दळली, तेल चढवलं. एका ठिकाणी दिव्याचा धूर घशात गेला आणि ती खोकली. रमा म्हणाली, टेपात राहू दे, छान वाटतं. शेवटची पाठवणीची गाणी आली, ज्यांच्यावर भलीभली माणसं रडतात, तेव्हा शांतीबाय कोरड्या डोळ्यांनी गायली. कोण कुठं चाललं होतं? पोरगी तर शिकायला चालली होती.

दोन वर्षं तिनं कशी काढली ते तिलाच ठाऊक. कळंबोलीच्या टेलिफोन बूथवर रविवारी जायचं, बाकड्यावर बसायचं आणि रमाचा फोन यायची वाट बघायची. पोरगी सांगायची, इथं भाकरी लांबलचक असते, लोक जेवायला दोन तास बसतात, खाडीला लागून मिठागरं आहेत अगदी आपल्यासारखी. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा तिनं भलतंच विचारलं. ओली हळद मिळत नसेल तर सुकी चालते का? आणि उंबर नसेल तर? शांतीबायचं काळीज सुपाएवढं झालं. तिनं बूथवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात नीट समजावलं, की सुकी हळद तेलात भिजवून घ्यायची, आणि उंबर नसेल तर पाण्याकाठी जे झाड असेल त्याची फांदी चालते, देवाला सगळं कळतं. घरी येऊन चांगुणाला म्हणाली, पोर शिकतेय गो, मन लावून शिकतेय.

रमा परत आली ती एकटी नाही. सोबत यान होता. लांबडा, लालबुंद, उन्हानं नाक सोललेला. तिच्याबरोबर विद्यापीठात होता. शांतीबाय तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. रमाशी बोलली, पण ते बोलणं असं होतं की न बोललेलं बरं. मग कळलं की त्याच्या बापाचं घर मिठागरावर आहे, आजापणजापासून मीठ काढतात. गुरुदत्त त्याला खाडीकडे घेऊन गेला. तिथं त्यानं मिठाचा खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि मान हलवून म्हणाला, "जरा कडू हाय. आमचा जास्त गोड." तो मराठी बोलायचा आणि तीही रोडपालीची, कारण शिकवणारी रमा. गावातली पोरं त्याला उगाच बोलतं करायची.

हे ऐकून शांतीबायनं त्याच्या ताटात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. मनाशी म्हणाली, मिठाचाच माणूस आहे, रंग वेगळा. आणि रमाला सांगितलं, लगीन होईल, पण माज्या मांडवात, सगळ्या धवल्यानिशी.

रमा म्हणाली, साधंच करू ना आय, देवळात हार घालू. शांतीबायला वाटलं पोरगी खर्चाला भिते. नंतर दोनदा रमा काहीतरी सांगायला चुलीपाशी येऊन उभी राहिली. पहिल्यांदा शांतीबायनं तिच्या हातात निवडायला तांदूळ दिले. दुसऱ्यांदा म्हणाली, नवऱ्या मुलीनं एवढं बोलू नये. रमा परत गेली.

हळदीचा दिवस आला. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. गोरा नवरा बघायला गव्हाणची माणसं टेम्पो करून आली होती. शांतीबायनं कमळाकरला आमंत्रण स्वतः जाऊन दिलं होतं, पुढची खुर्चीही दिली होती. बघू दे म्हणावं. हातची गेलेली पोर कशी परत येते ते बघू दे.

हिरवं लुगडं नेसून ती उभी राहिली. चांगुणा शेजारी. देवांना हाका घातल्या तेव्हा मांडव गप्प झाला. त्या दिवशी तिचा आवाज असा लागला की चांगुणानं नंतर कित्येक वर्षं सांगितलं, तसा आवाज मी परत ऐकला नाही. रमाचं नाव ओळीत आलं. किती घरच्या लेकी तिनं गाऊन सासरी धाडल्या होत्या. आज स्वतःची होती. रडायचं तिनं राखून ठेवलं होतं, शेवटच्या गाण्यासाठी.

तिच्या धवल्यात एक जागा होती, जी दुसऱ्या कुठल्याच धवलारणीकडे नव्हती. गाण्यात खाडी आली की नवरानवरीनं वाकून भुईला हात लावायचा. ते सासूनं घातलेलं होतं, सासू खाडीकाठची. दर लग्नात शांतीबायला तिथं गाणं थांबवून नवऱ्याला सांगावं लागायचं. आज खाडीची ओळ आली आणि ती थांबायच्या आतच यान वाकला, भुईला हात लावला आणि सरळ बसला. बायका कौतुकानं हसल्या. शांतीबायही हसली. रमानं तयार करून घेतलंय, असं तिला वाटलं.

पुढं तेल चढवायचं गाणं आलं. त्यात एका ठिकाणी यान गालातल्या गालात हसू लागला आणि मान किंचित तिरकी करून थांबला, कशाची तरी वाट बघावी तसा. गाणं पुढं गेलं तरी तो तसाच होता. चांगुणानं शांतीबायला कोपरानं डिवचलं. शांतीबायच्याही ध्यानात आलं. ही ती जागा होती. इथं ती खोकली होती, तेव्हा, त्या नारळापुढं.

चांगुणासकट बायका तेलाची वाटी भरायला आत गेल्या तेवढ्यात तिनं त्याला विचारलं, थट्टेच्याच सुरात, की जावयबापू, तुम्हाला सगळं तोंडपाठ, शिकवलं कोणी. यानचा चेहरा फुलला. आपली हुशारी सांगायची संधी त्याला कोणी दिली नव्हती.

"मागल्या वेलेस मी चुकलू," तो म्हणाला. "खाडी आली तवा हात उशिरा लावला. आज नाय चुकलू."

"मागल्या वेलेस म्हंजे कवा?"

"आमच्या लग्नाला. हिवाल्यात." आणि तिच्या डोळ्यांकडे बघून त्यानं समजावल्यासारखं पुढं म्हटलं, "तुमीच तर गायलात, आय."

रमाच्या हातातलं विड्याचं पान पाटावर पडलं. आईकडे वळून, मांडवाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, तिनं भराभर सांगून टाकलं. पहिल्या वर्षी एका विषयात मागं पडले म्हणून शिष्यवृत्ती थांबली, आणि शिष्यवृत्तीवरच तिथं राहायची परवानगी होती. लग्न केलं तर राहता येत होतं, शिक्षण पुरं करता येत होतं. आणि यान आवडलेला होताच. नगरपालिकेत जाऊन सही करायची होती, एवढंच. पण नुसती सही करून लग्न झालं असं तिला वाटेना.

"मना तुज्याबिगर लगीन नको व्हता, आय. म्हनून तुजा गाना लावला. खुर्चीवर टेप ठेवला, त्याच्यावर मी संगं नेलेला तुजा हिरवा लुगडा घातला. तुजी खुर्ची म्हनून. याची आय, याच्या मावश्या, सगल्यांनी हलद लावली. तुजा आवाज आईकून रडल्या गो सगल्या."

शांतीबायला एकेक गोष्ट आता आपसूक दिसत गेली. फोनवरची सुकी हळद. पाण्याकाठच्या झाडाची फांदी. नुसतं नवरदेव म्हण, आय. मांडव तिनंच घातला होता. पाटावर पोरीला तिनंच बसवलं होतं. रिकाम्यात गायली असती तर ते नुसतं गाणं राहिलं असतं. पण तिनं नियम पाळला आणि लग्न लागलं. मांडवात उभं राहून आजवर तिनं लावलेलं एकही लग्न मोडलं नव्हतं, तसंच हेही लागलं होतं, पक्कं. फक्त ते लावताना तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं एवढंच विचारलं, "जाताना सांगितलास, शिकाया नेतंय. तवाच मनात व्हता?"

"नाय गो, तुजी शप्पथ. शिकायाच नेला व्हता. मी शिकले पन. सगला येतो मना आता."

"येत आसंल. धवलारीन दुसऱ्याचा लगीन लावते. आपला आपन आयशीच्या पाठीमागं लावून घेत नाय."

रमाचे डोळे भरले. शांतीबायचे नाही. ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्या टेपात मी रडले नाय बग. आज रडीन म्हनून ठेवला व्हता."

तेलाची वाटी भरून बायका परत आल्या. चांगुणानं घसा खाकरला आणि पुढच्या गाण्याची पहिली ओळ लागायची वाट बघत राहिली. मांडव वाट बघत होता. समोर कमळाकर बसला होता, मांडीवर हात ठेवून. शांतीबायनं त्याच्याकडे पाहिलं. कुणाला काही कळलं नव्हतं. आणखी एक तास गायली असती तर सगळं आटपलं असतं आणि तिचा भावकीपुढचा शब्द राहिला असता. रमा तेच डोळ्यांनी मागत होती. गा आय, अर्धवट नको सोडू.

शांतीबायनं पदर खोचला.

"कमळाकर," तिनं हाक मारली. "तुज्या मांडवातून मी उठले व्हते. आता माज्या मांडवातून उठतंय. हिचा लगीन झालाय, तिकडं. मीच लावलाय. झालेला लगीन मी लावत नाय."

कमळाकर हसला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याला ऐकवायला तिच्याकडे काही ना काही सापडलंच असतं. पण तो हसला नाही. त्यानं कितीतरी दिवसांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "वयनी, बसा. तवा माजी पोर आत रडत व्हती. ही तर समोर बसलेय."

"म्हनूनच," शांतीबाय म्हणाली. "तुजीला न गायलेला माजीला कसा गाऊ?"

मग तिनं सुनेला पंगत मांडायला सांगितली. जेवण केलेलं होतं, माणसं आलेली होती, उपाशी कशाला जातील? गुरुदत्तनं बँडवाल्यांना खूण केली. यान पाटावर तसाच बसून होता. आपण कुठं चुकलो ते त्याला काही केल्या कळेना, आणि कुणी त्याला सांगेनाही. रमानं तोंडाची हळद पदरानं पुसायला घेतली. शांतीबायनं जाता जाता तिचा हात धरला. "आसू दे," म्हणाली. "लावलेली पुसू नको." आणि आत जाऊन रस्सा ढवळायला बसली.

दोघं चार दिवसांनी निघाली. दारात टॅक्सी उभी होती. पोरीला सासरी पाठवताना गाव जमतं तसं जमलं होतं. बायका पदर डोळ्यांना लावायच्या तयारीत होत्या आणि चांगुणा तर पाठवणीचं गाणं ओठांवर धरूनच आली होती. शांतीबायनं तिला नजरेनंच गप्प केलं. पाठवणी नव्या नवरीची होते. ही लग्न झालेली लेक माहेरपणाला आली होती आणि माहेरपण उरकून आपल्या घरी परत चालली होती.

तिनं रमाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. तांदूळ, खण, नारळ घालून ओटी भरली, लेकीबाळींची भरतात तशी, ना कमी ना जास्त. सुकटीची पिशवी आणि लोणच्याची बरणी यानच्या हातात दिली. रमा पायाशी वाकली आणि तिथंच डोकं टेकून राहिली. शांतीबायनं तिला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं.

"सनाला ये," ती म्हणाली. तशी ती प्रत्येक माहेरवाशिणीला म्हणायची. आणि टॅक्सी सुरू व्हायच्या आतच वळून, मांडवाचे बांबू सोडवायला लागली.